प्रोग्रामिंग शिकताना एडिटर कोणता घ्यावा?



आजच्या भाषणाचा विषय मला एका शिक्षक मित्राच्या पत्रावरून सुचला. ते लिहितात, "आमच्या शाळेत यंदा आठवी-नववीच्या मुलांना संगणकाचा प्रोग्राम लिहायला शिकवायचे ठरले आहे. संगणक आहेत, मुले उत्सुक आहेत. पण एडिटर कोणता घ्यावा, याबद्दल दहा जणांनी दहा नावे सांगितली. जून गेला, जुलैही गेला, आमचा निर्णय काही होत नाही. तुम्ही काय म्हणता?"

पत्र वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. हसू आले ते यासाठी की, लग्न लांबणीवर पडावे आणि त्याचे कारण मुंडावळ्यांचा रंग असावा, तशातला हा प्रकार. आणि वाईट वाटले ते यासाठी की, मीही काही वर्षांपूर्वी हा घोळ घातला होता. त्याची किंमत मात्र मला नव्हे, माझ्या वर्गातल्या एका मुलीला मोजावी लागली. ती हकीगत मी पुढे सांगणारच आहे.

आधी या शब्दाचा उलगडा करू. एडिटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्राचे संपादक उभे राहतात. आपल्या जिल्ह्याला तर त्याचा विशेष अभिमान. मराठीतले पहिले वर्तमानपत्र 'दर्पण'. ते ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. परंतु आपण ज्या एडिटरबद्दल बोलत आहोत तो माणूस नव्हे. ती आहे संगणकातली एक वही.

प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी. ही यादी साध्या अक्षरांत लिहून साठवावी लागते. ती जिथे लिहायची, खोडायची, दुरुस्त करायची, त्या साधनाला एडिटर म्हणतात. आज्ञा पाळण्याचे काम एडिटरचे नाही. ते पायथन, सी अशा भाषेचा जो कारभारी संगणकात बसवलेला असतो, त्याचे. कित्येक मुले, आणि क्षमा करा, कित्येक शिक्षकही, या दोघांत गल्लत करतात. "सर, माझा पायथन उघडत नाही," असे मूल म्हणते तेव्हा उघडत नसतो तो एडिटर. पायथन बिचारा आपल्या जागी असतो. ही एक गोष्ट पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून सांगितली, तर पुढचे अर्धे गोंधळ टळतात.

मग कोणी विचारील, वहीच हवी ना? मग पत्रे लिहायला वापरतो त्या वर्डमध्ये प्रोग्राम का लिहू नये? त्याचे कारण असे. वर्ड हा सजावट करणारा आहे. तुम्ही सरळ अवतरणचिन्ह टाइप करता आणि तो शोभेसाठी ते वाकडे, डौलदार करून ठेवतो. पत्रात ते सुंदर दिसते. पण पायथनला ते वाकडे चिन्ह समजत नाही आणि तो पहिल्याच ओळीत अडतो. मुलाने सगळे बरोबर लिहिलेले असते, डोळ्यांना चूक दिसत नाही, आणि प्रोग्राम तर चालत नाही. असा तास पुरा वाया जातो.

विंडोजमधले नोटपॅड हे त्यापेक्षा बरे, कारण ते सजावट करीत नाही. पण त्यातही एक खोच आहे. फाइल साठवताना नीट लक्ष दिले नाही, तर तो नावाच्या शेवटी 'टिंब टीएक्सटी' असे शेपूट जोडतो. मुलाला वाटते आपण 'पहिला टिंब पीवाय' अशी फाइल केली. प्रत्यक्षात तिचे नाव 'पहिला टिंब पीवाय टिंब टीएक्सटी' झालेले असते, आणि संगणकाची मांडणी अशी असते की ते शेपूट सहसा दिसतही नाही. म्हणून खास प्रोग्राम लिहिण्यासाठी केलेला एडिटर हवा, हे उघड आहे. प्रश्न आहे तो कोणता, एवढाच.

आता माझी हकीगत. मालवणजवळच्या एका किनाऱ्यावरच्या शाळेत मी शिकवीत होतो. शाळेत सहा संगणक होते. सगळे जुने, कोणीकोणी दिलेले. मी शहरात एका शिबिराला गेलो, तिथे एक मोठा नामांकित एडिटर पाहिला. काळा पडदा, रंगीत अक्षरे, कोपऱ्याकोपऱ्यात बटणे. मी भारावून गेलो. मनात म्हटले, मोठमोठ्या कंपन्यांतले लोक जे वापरतात तेच माझ्या मुलांच्या हाती देईन. माझी मुले कशात कमी आहेत?

तो एडिटर मी सहाही संगणकांवर बसवला. झाले काय, तर तो उघडायलाच तासातली दहा-दहा मिनिटे जाऊ लागली. उघडल्यावर तो सांगे, अमुक जोडणी उतरवून घ्या. आणि नेट तर पावसाने गेलेले. पडद्यावर इंग्रजी सूचनांच्या चौकटी एकीवर एक उघडत. मुले घाबरून कुठलेही बटण दाबीत. वर्गात एक मुलगी होती. हिशेबाला अतिशय चोख. आजोबा रापणीचे; त्यांच्या वाट्यांचा हिशेब ती तोंडी करून देई. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "सर, ह्या माका जमाचा नाय." आणि तिने संगणकाचा तास सोडला. तिच्यामागून आणखी दोघांनी सोडला.

श्रोतेहो, मला त्या वेळी काय वाटले, ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटले, असेल, सगळ्यांनाच हे जमते असे नाही. यंत्र जुने आहे, साधन जड आहे आणि निवड माझी आहे, हे माझ्या ध्यानात यायला एक वर्ष लागले. त्या वर्षात त्या मुलीने मनाशी पक्के केले होते की आपले डोके या कामाचे नाही. साधन चुकले की मोठा माणूस साधनाला दोष देतो. लहान मूल स्वतःला दोष देते. हा विषय मी आज आपल्यापुढे मांडतो आहे, त्याचे कारण एवढेच.

आपल्याकडे पोराला वल्हे मारायला शिकवायचे तर कोणी त्याला पहिल्या दिवशी ट्रॉलरच्या सुकाणूवर उभे करीत नाही. कर्लीच्या खाडीत लहान होडी घेतात, पाणी हाताला कळू देतात. देवबागच्या तोंडावरून समुद्रात जायचे ते पुढे. मला हे कळायला पाहिजे होते.

पुढल्या वर्षी मी ते सगळे काढून टाकले आणि थॉनी नावाचा एक छोटा एडिटर बसवला. हा एस्टोनिया नावाच्या देशातल्या तार्तू विद्यापीठात, नवशिक्यांसाठीच तयार झाला. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. वस्ती सुमारे तेरा-चौदा लाख. आपल्या जिल्ह्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या जवळपास होती. म्हणजे वस्ती आपल्या जिल्ह्याच्या दीडपटीहून थोडीशीच अधिक. त्यांनी केलेले साधन जगभर मुले वापरतात. थॉनी विनामूल्य आहे. विंडोजवर तो आपल्यासोबत पायथन घेऊनच येतो, म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या बसवाव्या लागत नाहीत. नेट चांगले असेल तिथून, कुडाळहून म्हणा, मालवणहून म्हणा, एकदा पेनड्राइव्हवर उतरवून आणला की पुढे शिकायला नेटची गरज नाही.

मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिला म्हटले, "बाय, चूक तुझी नव्हती, माझी होती. एकदा पुन्हा येऊन बघ." ती आली. मी तिला सांगितले, आजोबांच्या वहीतला हिशेबच संगणकाला घाल. रापणीची मासळी विकली की आलेल्या पैशांचे वाटे पडतात. त्यासाठी आधी बेरीज हवी. तिने प्रोग्राम लिहिला: बांगड्याचे किती आले ते विचार, तारलीचे किती आले ते विचार, दोन्ही मिळव आणि दाखव. बांगड्याचे तिने १५०० सांगितले, तारलीचे २२००. उत्तर यायला हवे ३७००. पडद्यावर आले १५००२२००! म्हणजे एक कोटी पन्नास लाख दोन हजार दोनशे. सगळा वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "एवढी रापण लागली तर शाळा कित्याक हवी?"

आता पाहा, इथेच एडिटरची परीक्षा असते. थॉनीत एक चौकट उघडता येते. तीत प्रोग्रामने काय काय लक्षात ठेवले आहे ते दिसते. तिने ती पाहिली. तिथे १५०० च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे होती. मी काही बोललो नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, ह्यो आकडो नाय. हे अक्षरा हत." बरोबर! आपण कळफलकावर जे टाइप करतो ते पायथन आधी अक्षरे म्हणून घेतो. त्याचा आकडा करायला त्याला वेगळे सांगावे लागते. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक ठेवणे, म्हणून पंधराशेपुढे बावीसशे जाऊन बसले. तिने एक शब्द वाढवला आणि उत्तर ३७०० आले. दुसऱ्या दिवशी ते उत्तर घेऊन घरी गेली. आजोबांनी तोंडी हिशेब केला आणि म्हणाले, "बरोबर इलो गो!"

त्या दिवशी ती जे शिकली ते मी दहा तास बोलून शिकवू शकलो नसतो. साधन असे असावे की चूक झाली तर ती कुठे झाली हे मुलाला स्वतः पाहता यावे. बाकीच्या शोभा नंतरच्या.

या अनुभवावरून मी एडिटर निवडण्याच्या चार कसोट्या ठरवल्या आहेत, त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली कसोटी: आपल्याजवळ जे यंत्र आहे त्यावर तो झटकन उघडतो का? शेजारच्या नव्या यंत्रावर नव्हे, आपल्या जुन्यावर. घड्याळ लावून पाहा. चहाचा घोट घेईपर्यंत उघडला तर ठीक.

दुसरी कसोटी: नेटवाचून चालतो का? २०२० च्या टाळेबंदीत रेंज मिळवण्यासाठी आपली मुले डोंगर चढून जात होती, हे आपण पाहिले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले, त्यानंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज नसताना कोणताच एडिटर चालणार नाही, हे खरे. त्या वेळी कागदावर प्रोग्राम लिहावा, तोही उत्तम अभ्यास आहे. पण वीज आहे आणि नेट नाही म्हणून तास बुडाला, असे तरी होऊ नये.

तिसरी कसोटी: लिहिणे, साठवणे, चालवणे आणि चूक पाहणे ही चार कामे मुलाला स्वतः करता येतात का? पहिल्या आठवड्यात मूल ही चार कामे न विचारता करू लागले, तर एडिटर योग्य आहे असे समजा.

चौथी कसोटी: गावात किंवा शेजारच्या शाळेत तो जाणणारा कोणी आहे का? अडले तर हाक मारायला माणूस हवा. ज्या एडिटरला जवळचा जाणकार आहे, तो थोडा कमी गुणाचा असला तरी पत्करावा.

या कसोट्यांना उतरणारे थॉनीखेरीज आणखीही आहेत. विंडोजवर पायथन बसवला की त्यासोबत आयडल नावाचा साधा एडिटर येतोच. कुठे शोधायला जायला नको. २००३ साली निघालेला नोटपॅड प्लस प्लस विंडोजवर हलका चालतो. लिनक्स असलेल्या जुन्या यंत्रांवर जीनी चांगला. घरी संगणक नाही, केवळ फोन आहे, अशा मुलांसाठी फोनवर चालणारेही एडिटर आहेत. पण त्या लहान कळफलकावर लांब प्रोग्राम लिहिणे कष्टाचे. सरावापुरते ते ठीक, शाळेच्या तासाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आता काही मंडळी म्हणतील, "मास्तर, सगळे जग व्हीएस कोड वापरते." खरे आहे. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने तो काढला आणि व्यवसायी प्रोग्रामरांत आज त्याचाच बोलबाला आहे. २०२३ च्या एका मोठ्या जागतिक पाहणीत शंभरांतल्या त्र्याहत्तरांनी त्याचे नाव घेतले. यंत्र चांगले असेल, नेट असेल आणि मूल वर्षभर शिकलेले असेल, तर जरूर द्यावा. पण नवशिक्यासाठी एक काळजी घ्यावी. अशा मोठ्या एडिटरांत आता पुढचा शब्द, पुढची ओळ, किंबहुना सगळा प्रोग्रामच आपणहून सुचवण्याची सोय असते. जाणत्याला ती सोय आहे. शिकणाऱ्याला मात्र ती पाढे पाठ करण्याआधी हाती दिलेल्या गणकयंत्रासारखी. उत्तर मिळते, समज मिळत नाही. ती सूचना बंद करता येते; पहिल्या वर्षी ती बंद ठेवावी.

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. आपल्याकडच्या महाविद्यालयांत टर्बो सी नावाचे साधन वर्षानुवर्षे चालले. बोर्लंड कंपनीने ते १९८७ साली काढले. निळा पडदा, लिहा आणि तिथेच चालवा. त्या काळी ते फार सोयीचे होते, आणि आपल्या कित्येक इंजिनिअरांनी त्यावरच हात बसवला. पण जग पुढे गेले. सी प्लस प्लस भाषेचे प्रमाण १९९८ साली ठरले, तरी आपल्याकडे जुना निळा पडदा चालूच राहिला. पुढे नव्या विंडोजवर तो सरळ चालेना, म्हणून जुन्या काळाचे सोंग घेणारा दुसरा प्रोग्राम त्याच्याखाली घालून चालवला गेला. तिथे शिकलेला विद्यार्थी नोकरीत गेला की त्याने घोकलेल्या पहिल्या चार ओळीच नव्या यंत्राला पटेनात. त्याला भाषा शिकवलीच नव्हती; एका साधनाच्या सवयी शिकवल्या होत्या.

नवे तेवढे टिकते, असेही नाही. २०१४ साली अॅटम नावाचा एडिटर मोठ्या गाजावाजाने आला आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला. उलट व्ही आणि ईमॅक्स या दोघांचा जन्म १९७६ चा, आणि त्यांची घराणी आजही नांदताहेत. व्हीचाच वारस विम. तो ब्राम मोलेनार या डच गृहस्थाने १९९१ साली प्रसिद्ध केला. विम फुकट वापरा, पण जमल्यास युगांडातल्या अनाथ मुलांना मदत करा, एवढेच त्याचे मागणे होते. तो २०२३ साली वारला. विम शिकलेले लोक त्याची थोरवी गातात. पण त्यात शिरलेल्या नवख्याला बाहेर कसे पडावे हेच कळत नाही, अशी त्याची ख्याती आहे. मोठेपणी आवड म्हणून शिकावा.

सांगायचा मुद्दा हा की, एडिटर येतील आणि जातील. मुलाच्या हाती राहते ते फाइल म्हणजे काय, आज्ञा कोणत्या क्रमाने पाळल्या जातात, चुकीचा निरोप कसा वाचावा, हे ज्ञान. ते एका एडिटरवरून दुसऱ्यावर सहज जाते.

शिक्षक बंधुभगिनींसाठी आणखी एक गोष्ट, मराठी अक्षरांची. आपल्यातले अनेक जण प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप करतात. तो मजकूर एडिटरमध्ये घातला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या जुन्या पद्धतीत आत अक्षर एक आणि वर चित्र दुसरे असते. प्रोग्राममध्ये मराठी लिहायचे तर युनिकोडमध्येच लिहावे. ते केले, की गंमत पाहा. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे मराठीत ठेवता येतात. त्या मुलीच्या प्रोग्रामात 'बांगडा' आणि 'तारली' हीच नावे होती, देवनागरीत. इतकेच नव्हे, प्रोग्राम चालू असताना कोणी मराठी आकड्यांत '२५' असे टाइप केले, तरी आकडा कर म्हटल्यावर पायथन त्याचे पंचवीस समजतो. मात्र प्रोग्रामच्या ओळीत स्वतः आकडा लिहायचा तर तो इंग्रजीच लिहावा लागतो. 'दर्पण'च्या पानावर एका बाजूला इंग्रजी आणि शेजारी मराठी असे. आपल्या मुलांचा प्रोग्रामही तसाच दोन भाषांचा असतो: आज्ञा इंग्रजी, नावे आपली. त्यात कमीपणा मानू नये. आणि ज्यांना घरी बसून मराठीत धडे पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरिअल'चे छोटे धडे विनामूल्य मिळतात. ते आधी उतरवून ठेवून नेटवाचून दाखवता येतात.

तर मित्रा, तुझ्या पत्राचे उत्तर हे असे. सोमवारी शाळेत जा. सगळ्यांत जुना संगणक उघड. त्यावर जो हलका एडिटर चालेल तो सगळ्या यंत्रांवर एकच बसव, म्हणजे एका मुलाला कळलेले दुसऱ्याला सांगता येईल. मार्चपर्यंत तो बदलू नको, कोणी कितीही नवे नाव सांगो. आणि एखादे मूल म्हणाले की मला हे जमत नाही, तर त्याच्या डोक्याकडे पाहण्याआधी त्याच्या पुढ्यातल्या पडद्याकडे पाहा.

ती मुलगी आज अकरावीत आहे. पुढे ती काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण रापणीचा हिशेब लागला की आजोबा आता वही तिच्याकडे सरकवतात आणि ती संगणकावर वाटे काढते. तिच्याबरोबर ज्या दोघांनी तास सोडला होता, ते मात्र परत आले नाहीत. मी बोलावले, पण तोवर उशीर झाला होता. त्या दोन रिकाम्या जागांची आठवण मला आहे, म्हणूनच हे एवढे बोललो.